माहिती पाण्यासारखी वाहते का?
संगणकातील माहिती नळातील पाण्याप्रमाणे एका जागेहून दुसऱ्या जागी वाहते, ही जुनी समजूत अर्धवटच खरी आहे. पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले की पहिले रिकामे होते. याउलट, एका चलाची (प्रोग्राममध्ये किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत दुसऱ्याला दिली असता मूळ किंमत जागच्या जागी राहते आणि तिची केवळ प्रत तयार होते. एकाच डिस्कवर फाइल ‘हलवली’ तरी सहसा फक्त नोंद बदलते, मजकूर तसूभरही सरकत नाही.

तरीही ही उपमा टाकाऊ ठरत नाही. अर्थशास्त्रज्ञ बिल फिलिप्स यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये दाखवलेले यंत्र टाक्या आणि नळ्यांतील खऱ्याखुऱ्या पाण्याने अर्थव्यवस्थेचे गणित मांडत असे, आणि ते शक्य झाले, कारण एकीकडून गेलेला पैसा दुसरीकडे जमा होणे हाच त्या हिशेबाचा मूळ नियम होता. युनिक्स या संगणक-प्रणालीतील ‘पाइप’लाही, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या सोयीलाही, हे चित्र शोभते: वाचलेला मजकूर त्यातून निघून जातो, आणि तो भरला की लिहिणाऱ्या प्रोग्रामला सहसा थांबावे लागते. सर्वसाधारण गणनेला मात्र असा नियम लागू नाही. बेरजेवरून मूळ संख्या परत मिळत नाहीत आणि एकच किंमत हजारदा वापरली तरी ती आटत नाही.