त्वरित क्षरण चाचणी (मोटारींचा पोलादी पत्रा)

मोटारीच्या पत्र्याला रस्त्यावर काही वर्षांत जसा गंज चढतो, तसाच प्रयोगशाळेत काही आठवड्यांत चढवण्याची पद्धत. ‘तसाच’ होणे हाच अवघड भाग; नुसते लवकर गंजवायला मिठाचे पाणीही पुरते.

१९३९ पासूनच्या मीठफवारा चाचणीत (मानके ठरवणाऱ्या एएसटीएम संस्थेची बी ११७) ५ टक्के मिठाचे धुके ३५° से. तापमानाला अखंड सोडतात. पत्रा कधी सुकतच नाही. रस्त्यावर ओले-सुके होताना जस्तलेपावर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे संरक्षक कार्बोनेटी थर बसतो. सततच्या ओलीत तो नीट बसत नाही. म्हणून रंगवलेला जस्तलेपित पत्रा येथे साध्या सीआर (थंड लाटलेल्या, जस्त नसलेल्या) पत्र्याहून वाईट ठरू शकतो, रस्त्यावर मात्र उलट दिसते. रंगकामाची रोजची तपासणी यावर चालते, पत्र्याची निवड करू नये.

अमेरिकेतील पोलाद उद्योग आणि एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) यांनी रस्त्यावरच्या नमुन्यांशी ताडून बसवलेली ‘जे २३३४’ ही चक्रीय, म्हणजे ओले-सुके आलटून-पालटून करणारी चाचणी आहे. एक चक्र २४ तासांचे: ५०° से. व १०० टक्के आर्द्रतेत ६ तास, द्रावण १५ मिनिटे, मग ६०° से. व ५० टक्के आर्द्रतेत १७ तास ४५ मिनिटे. द्रावणात सोडियम क्लोराइड ०.५, कॅल्शियम क्लोराइड ०.१ आणि सोडियम बायकार्बोनेट ०.०७५ टक्के, म्हणजे मीठ फवाऱ्याच्या दशांशच. कॅल्शियम क्लोराइड व बायकार्बोनेट यांपैकी एक वेगळे विरघळवून मग मिसळावे, अन्यथा साका बसतो. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेखाली कोरडे पडते, कॅल्शियम क्लोराइड मात्र ५० टक्क्यांतही ओल धरून ठेवते. सुकत जाणाऱ्या या पातळ थरातून ऑक्सिजन चटकन पोचतो, म्हणून क्षरणाचा जोर भिजताना नव्हे, सुकताना अधिक असतो.

बहुतेक चुका या सुकण्यातच होतात. चाचणीच्या कपाटात नमुने दाटीने लावले की ते उशिरा सुकतात आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. उपाय म्हणून वजन केलेल्या उघड्या पोलादाच्या पट्ट्या सोबत ठेवतात. ठरावीक चक्रांनंतर त्या काढून गंज धुतात आणि वजनातील घट मोजतात. धुण्याच्या आम्लात चांगले पोलादही थोडे विरघळते. न गंजलेली पट्टी तेवढाच वेळ धुऊन ती घट वजा करावी लागते.

रंगवलेल्या नमुन्यावर मुद्दाम मारलेला ओरखडा जस्तापर्यंतच गेला की पोलादापर्यंत, यावर रंगाखाली पसरणाऱ्या गंजाची रुंदी बदलते. ओरखड्याची खोली नोंदवली नसेल तर तुलना करू नये. दाराच्या दुमडीतला गंज सपाट नमुन्यात दिसत नाही, त्यासाठी पत्र्यावर पत्रा ठेवलेले जोडनमुने लागतात.