आठ कॅमेरे, एक पडदा

सीसीटीव्हीचे आठ कॅमेरे आणि पहाऱ्याच्या चौकीत एकच मॉनिटर, ही अडचण सुटावी म्हणून पहिल्यांदा आला तो सिक्वेन्शियल स्विचर: कॅमेऱ्यांची चित्रं आळीपाळीने पडद्यावर आणणारी पेटी. एक कॅमेरा जितका वेळ पडद्यावर राहतो तो ड्वेल टाइम. तो 5 सेकंद ठेवला तर आठ कॅमेऱ्यांची फेरी 40 सेकंदांची होते. म्हणजे प्रत्येक कॅमेरा सलग 35 सेकंद कुणालाच दिसत नाही. ‘आठ कॅमेऱ्यांवर नजर’ या शब्दांचा खरा हिशेब हा आहे, आणि तो विकत घेणाऱ्याला आधीच सांगायला हवा.

स्विचरला एकच आउटपुट असेल तर तो होमिंग. दोन असतील तर ब्रिजिंग: एका मॉनिटरवर फेरी चालू राहते, दुसऱ्यावर हवा तो कॅमेरा स्थिर ठेवता येतो. लूपिंग हा शब्द मात्र आउटपुटबद्दल नाही. लूपिंग स्विचरच्या प्रत्येक इनपुटला जोडीचं दुसरं सॉकेट असतं. तिथून तोच सिग्नल पुढच्या उपकरणाकडे नेता येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. व्हिडिओची आरजी-59 केबल 75 ओहमची असते आणि रांगेतल्या फक्त शेवटच्या उपकरणावर 75 ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे लाइन संपवणारा रोध, लागतं. मधल्या स्विचरवरही ते चालू राहिलं तर दोन रोध समांतर जोडले जाऊन 37.5 ओहम होतात. 1 व्होल्टचा सिग्नल सुमारे 0.67 व्होल्टवर येतो आणि चित्र काळवंडतं. टर्मिनेशन कुठेच नसेल तर उलट: सिग्नल जवळपास दुप्पट होतो, चित्र पांढरंफटक पडतं, लांब केबलवर कडांना सावल्याही दिसतात. कॅमेरा बदलण्याआधी मॉनिटरच्या मागचं ‘75 ओहम / हाय-झेड’ (टर्मिनेशन चालू / बंद) बटण पाहावं.

क्वाड आणि मल्टिप्लेक्सर यांत लोक हमखास गल्लत करतात. क्वाड चार चित्रं लहान करून एका पडद्यावर बसवतो. तो पडदा तसाच रेकॉर्ड झाला तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला पाव भागाचाच तपशील येतो. मल्टिप्लेक्सर चित्र लहान करत नाही, वेळ वाटून देतो. पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 50 फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, असतात. सोळा कॅमेऱ्यांत वाटले तर प्रत्येकाला जेमतेम तीन. डीव्हीआर, म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, आल्यावर या दोन्ही पेट्या त्याच्यात सामावल्या.

मॅट्रिक्स स्विचरची गोष्ट वेगळी. इथे कोणताही कॅमेरा कोणत्याही मॉनिटरवर नेता येतो, तेही इतरांना धक्का न लावता. 64 इनपुट आणि 8 आउटपुट म्हणजे 512 छेदबिंदू, आणि प्रत्येकावर एक स्विच. ऑपरेटर कीबोर्डवर आधी मॉनिटरचा क्रमांक दाबतो, मग कॅमेऱ्याचा. एका आज्ञेत अनेक मॉनिटर एकदम बदलले तर तो साल्व्हो.

स्विच होताना चित्र क्षणभर वर-खाली सरकतं, त्याला रोलिंग म्हणतात. दोन कॅमेरे आपापल्या तालात चालत असतात. मॉनिटरला नवा ताल पकडायला थोडा वेळ लागतो. 24 व्होल्ट एसीवरच्या कॅमेऱ्यांत यावर लाइन लॉकचा उपाय आहे: कॅमेरा विजेच्या 50 हर्ट्झशी ताल जुळवतो. पण तीन फेजच्या इमारतीत वेगवेगळ्या फेजवरचे कॅमेरे एकमेकांपासून 120 अंश दूर असतात, तेव्हा कॅमेऱ्यावरच्या व्ही-फेजच्या (ताल मागेपुढे करणाऱ्या) स्क्रूने ते जुळवावे लागतात.

फिरणाऱ्या, म्हणजे पीटीझेड, कॅमेऱ्यात चित्र आणि आज्ञा सहसा वेगळ्या तारांतून जातात. म्हणून ‘चित्र येतंय, पण कॅमेरा हलत नाही’ ही तक्रार नेहमीची. आज्ञेची तार आरएस-485 ची: दोन वायरी, साधारण 1200 मीटरपर्यंत, एका लाइनवर 32 उपकरणं, दोन्ही टोकांना 120 ओहम. लाइन एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात अशी साखळीने न्यावी. चौकीतून चार दिशांना फाटे फोडले की आज्ञा परावर्तित होऊन बिघडतात. मग वायरींची अदलाबदल, बॉड रेट (आज्ञा पाठवण्याचा वेग) आणि प्रोटोकॉल (आज्ञांची भाषा) तपासावा. कॅमेऱ्याचा पत्ता, म्हणजे क्रमांक, डिप स्विचवर (छोट्या स्विचच्या रांगेवर) द्विमान पद्धतीने लावतात: दहासाठी दुसरा आणि चौथा स्विच चालू. पेल्को-डी आणि पेल्को-पी या दोन प्रोटोकॉलांत एक फसवा फरक आहे. पी मध्ये पत्ते शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे प्रोटोकॉल बदलल्यावर कधीकधी शेजारचा कॅमेरा हलतो.

आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या, कॅमेऱ्यांत मॅट्रिक्सच्या छेदबिंदूंची जागा नेटवर्क स्विचने आणि सॉफ्टवेअरने घेतली. त्याला व्हर्च्युअल मॅट्रिक्स म्हणतात. 2008 मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलेल्या ऑनव्हिफ या सामायिक मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच सॉफ्टवेअरला जोडता येऊ लागले. रोलिंग गेलं, पण बदलताना थांबणं गेलं नाही. दाबून लहान केलेल्या (कॉम्प्रेस्ड) व्हिडिओत पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममध्ये असतं. मधल्या फ्रेममध्ये केवळ झालेले बदल. सेकंदाला 25 फ्रेमच्या कॅमेऱ्यात आय-फ्रेमचं अंतर 50 फ्रेम ठेवलं, तर नवा कॅमेरा दिसायला दोन सेकंदही लागू शकतात. ज्या कॅमेऱ्यांवर सारखं जावं लागतं, त्यांचं अंतर 25 वर आणावं; बँडविड्थ थोडी जास्त लागेल.