अफूची औषधे आणि श्वसनाचे विषाणू: एका जुन्या संशयाचा माग

खोकल्यावर अफू देण्याची रीत फार जुनी. हीच औषधे श्वसनाचे संसर्ग बळावू देतात का, असा जो संशय आहे, त्याचा हा माग. १७३२ साली इंग्रज वैद्य टॉमस डोव्हर यांनी अफू आणि इपेकॅक (उलटी आणणारी एक मुळी) यांच्या पुडीची कृती प्रसिद्ध केली. ‘डोव्हर्स पावडर’ म्हणून ती पुढे सर्दी-तापावर सर्रास दिली जाई, अगदी १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही. घाम यायचा, खोकला थांबायचा, झोप लागायची. रुग्णाला बरे वाटायचे. खोकला थांबणे म्हणजे फुप्फुसे साफ होणे नव्हे, हा विचार तेव्हा फारसा कोणी करत नव्हते.

१८९८ हे साल या गोष्टीत मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी बायर कंपनीने अफूतल्या मॉर्फिनपासून बनवलेले हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणून! आणि त्याच वर्षी रुमानियन संशोधक कांताकुझिनो यांनी दाखवून दिले, की अफू दिलेल्या गिनीपिगांच्या पांढऱ्या पेशी कॉलऱ्याच्या जंतूंशी लढताना मंदावतात. पहिल्या बातमीचा गाजावाजा झाला, दुसरी संशोधनपत्रिकेत पडून राहिली.

असे का होते याचा उलगडा व्हायला १९७३ उजाडावे लागले. मेंदूत ओपिऑइडचे, म्हणजे मॉर्फिन आणि त्यासारख्या औषधांचे, रिसेप्टर सापडले; ही औषधे पेशीवर जिथे पकड घेतात त्या या जागा. १९७९मध्ये माणसाच्या टी-पेशींवरही (रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही) मॉर्फिनचा परिणाम होतो असे दिसले, तेव्हा वेदनाशमन आणि रोगप्रतिकार ही दोन वेगळी खाती उरली नाहीत. १९९८मध्ये ‘म्यू’ नावाच्या ओपिऑइड रिसेप्टरचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांची प्रतिकारशक्ती मॉर्फिनने दबली नाही, म्हणजे मॉर्फिन ती याच रिसेप्टरमार्फत दाबते. २००५च्या प्रयोगात मॉर्फिन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस जिवाणू शिरल्यावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी उशिरा पोहोचल्या आणि संसर्ग बळावला.

पण हे जिवाणू झाले. विषाणूंचे काय? इथला थेट पुरावा मुळातच विरळ आहे. तरीही जिवाणूंवरचे हे काम गैरलागू मानता येत नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वासनलिकेचे अस्तर खरवडून काढतो आणि मागून जिवाणू आत शिरतात; १९१८चे बहुतेक मृत्यू अशाच जिवाणूजन्य न्यूमोनियाचे होते. त्यात ओपिऑइड मेंदूतील श्वसनकेंद्राला मंद करतात, ठसका दाबतात, गुंगी आणतात. गुंगीत लाळ किंवा पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. आधीच प्राणवायू कमी पडत असलेल्या रुग्णाला हे सगळे एकदम झेपणे कठीण. माझ्या मते प्रतिकारशक्तीच्या गुंतागुंतीपेक्षा ही साधी शरीरयंत्रणाच अधिक खात्रीची आहे.

माणसांवरचे अभ्यास अमेरिकेत वाढले. १९९६नंतर तिथे जुनाट दुखण्यांसाठी ओपिऑइडच्या गोळ्या भरमसाट लिहून दिल्या जाऊ लागल्या होत्या. २०११च्या एका अभ्यासात ओपिऑइड घेणाऱ्या वृद्धांत न्यूमोनिया अधिक आढळला. २०१८मध्ये टेनेसीतील मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) रुग्णांच्या नोंदींत ओपिऑइड घेणाऱ्यांना गंभीर न्यूमोकॉकस संसर्गाची शक्यता सुमारे १.६ पट दिसली. मात्र गोळी घेणारा माणूस मुळातच आजारी असतो, बहुधा धूम्रपानही करतो. शिवाय न्यूमोनियाच्या पहिल्याच खोकल्यावर कोडीन हे खोकला दाबणारे ओपिऑइड दिले गेले असेल, तर कारण कुठले आणि परिणाम कुठला? संशोधक आकडेमोडीने हे घटक वेगळे काढतात, पण पूर्ण वेगळे निघत नाहीत.

२०२०मध्ये कोविड आला. अमेरिकेतील ७ कोटी ३० लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गेल्या वर्षभरात ओपिऑइडच्या व्यसनाचे निदान झालेल्यांत कोविडचे निदान होण्याची शक्यता दहा पटींच्या आसपास निघाली. आकडा धडकी भरवणारा, पण तो सगळा औषधाच्या माथी मारणे चुकीचे. व्यसनात अडकलेली कित्येक माणसे निवारागृहांत, तुरुंगांत, गर्दीत राहतात. विषाणू त्यांच्यापर्यंत आधी पोहोचतो.

यावर कोणी पटकन म्हणेल, मग औषध बंदच करा. ते इतके सोपे नाही. उंदरांत मॉर्फिन अचानक तोडल्यावरही प्रतिकारशक्ती दबलेली आढळली आहे. आणि माणसांत औषध तुटल्यावर नाक गळते, अंग मोडून येते, हुडहुडी भरते. तपासणाऱ्या डॉक्टरला ही लक्षणे फ्लूचीच वाटू शकतात, आणि ज्याला खरोखर फ्लू झाला आहे त्याला औषध तुटल्याचाच हा त्रास आहे असे वाटून तो दवाखान्यात उशिरा येऊ शकतो.