एमजीबीला टायर घेताय? आधी रिम बघा, मग साईझ ठरवा

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, १५ इंची अलॉय रिम टाकली तर चालेल का आणि टायर जास्तीत जास्त किती रुंद बसेल. आमचं उत्तर इथे लिहूनच ठेवतोय, म्हणजे घरी निवांत वाचता येईल आणि रिम आधी ऑनलाइन मागवून मग बसत नाही म्हणून डोक्याला ताप होणार नाही. आमचं मत स्पष्ट आहे, या गाडीला अरुंद आणि उंच टायरच लागतो, आणि आपल्या रस्त्यांवर तर नक्कीच.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली आणि सगळा वेळ १४ इंची चाकांवरच बनली. सुरुवातीला ५.६०-१४ असे क्रॉसप्लाय (आत तिरके थर असलेले जुन्या पद्धतीचे) टायर यायचे, म्हणजे रुंदी इंचात लिहिलेली, नंतर रेडियल (आजच्या पद्धतीचे) आले तेव्हा १५५ एसआर १४ आणि जीटीला, म्हणजे पक्क्या छताच्या मॉडेलला, १६५ एसआर १४, इथे पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये आणि शेवटचा रिमचे इंच. आता हे १६५ एसआर १४ बघून लोक गोंधळतात कारण त्यात ७० किंवा ६५ असा मधला आकडाच नाही. त्या काळी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास असायचीच म्हणून वेगळं लिहीत नव्हते, त्यामुळे आज दुकानात त्याला १६५/८० आर १४ म्हणून मागायचं.

आणि इथे एक चांगली बातमी आहे, हा टायर शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. आपल्या मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या मॉडेलना वर्षानुवर्षं हीच साईझ आली आणि पहिल्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/७० आर १४ आली, आणि रिमची रुंदी पुरेशी असेल तर या दोन्ही साईझ एमजीबीला अगदी बरोबर बसतात. पण लक्षात ठेवा, फक्त टायर बसतो, स्विफ्टची रिम बसत नाही. एमजीबीच्या बोल्टवाल्या चाकाचा पीसीडी (किती बोल्ट, आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मिमीमध्ये) ४ बाय ११४.३ आहे आणि स्विफ्टचा ४ बाय १००. समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मधोमध टेप धरून घरीच मोजता येतं, साडेचार इंच यायला हवेत. भोकं वाढवून बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे कृपया जाऊ नका, चाक निघालं तर गाडीच काय माणूसही वाचत नाही.

आता हिशोब. १६५/८० आर १४ चा बाहेरचा व्यास साधारण ६२० मिमी येतो (१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, ते वर-खाली दोनदा, अधिक रिमचे ३५५.६). १८५/७० आर १४ चा ६१५ च्या आसपास, म्हणजे एक टक्कासुद्धा फरक नाही. १८५/६५ आर १४ घेतलात तर ५९६, इथे जवळजवळ चार टक्के कमी झाले, स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ७७ लाच असेल आणि किलोमीटरही जास्त पडतील. १५ इंची रिमवर १९५/६० टाकला तर व्यास परत ६१५ येतो म्हणून आकड्यात तो बरा दिसतो, पण २०५/५० आर १५ जो लोकांना दिसायला आवडतो तो ५८६ आहे, म्हणजे गाडी सुमारे १७ मिमी खाली बसणार, आणि आधीच एमजीबीचा सायलेन्सर किती खाली लोंबतो ते ज्याने सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर एकदा ऐकलंय त्याला सांगायला नको. शिवाय ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे आरपीएम कमी करणारा जादा गिअर) नसलेली एमजीबी मूळ टायरवर १०० च्या स्पीडला साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास फिरते, छोट्या टायरवर त्यात अजून दीडदोनशेची भर पडते आणि एक्सप्रेसवेवर तो आवाज तासभर डोक्यात बसतो.

रुंदीचंही तसंच. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, पुढची चाकं जुन्या पद्धतीच्या किंगपिनवर (उभ्या खिळीवर) वळतात, त्यात रुंद टायर घातला की पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात आणि ती हलकी, चपळ वाटणारी गाडी जड वाटायला लागते. मूळ टायर अरुंद होता म्हणूनच ही गाडी वळणावर आधी थोडीशी सरकून सांगते की आता पकड सुटतेय, रुंद टायर ते सांगत नाही, धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. आमच्या दृष्टीने एमजीबी चालवायची मजा त्या सांगण्यातच आहे.

रिमची रुंदी बघितल्याशिवाय टायर ठरवू नका. सुरुवातीची साधी पत्र्याची चाकं ४ जे (म्हणजे रिमची रुंदी ४ इंच), तारेची चाकं साडेचार, आणि १९६९ च्या सुमारास आलेली रोस्टाइल नावाची नक्षीदार पत्र्याची चाकं ५ जे. १६५/८० या तिन्हीवर बसतो. १८५/७० ला किमान साडेचार लागते, म्हणजे ४ जे वर नाही. १८५/६५ ला ५ पासून पुढे, म्हणजे मूळ तारेच्या चाकावर नाही. १९५/६० ला साडेपाच पाहिजे. मिनिलाइट पद्धतीची (जाड आऱ्यांची) साडेपाच इंची अलॉय घेणार असाल तर त्याचे नट वेगळे येतात, पत्र्याच्या चाकाचे जुने नट त्यात वापरू नका.

तारेच्या चाकांबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. या रिममध्ये स्पोकचे निपल (तार घट्ट करायचे छोटे नट) आरपार येतात त्यामुळे हवा धरत नाही, ट्यूब लागतेच, आणि ट्यूबच्या खाली रबरी पट्टी. पंक्चरवाल्याने ट्यूबलेस टायर बघून ट्यूब काढून ठेवली असं झालेलं आम्ही बघितलंय. दुसरं म्हणजे आजच्या ट्यूबलेस टायरच्या आत बारीक उंचवटे असतात, कधी कंपनीचं कागदी स्टिकरही असतं, ते घासून घासून ट्यूबला बारीक भोक पडतं, म्हणून बसवण्याआधी आम्ही आतून स्टिकर काढतो, हात फिरवून बघतो आणि भरपूर पावडर लावतो. स्पोकवर छोटा पाना हलकेच वाजवत जा, सगळे खणखणीत वाजले पाहिजेत, एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे. आणि चाक जॅकवर घेऊन कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, मग चाक पुढेमागे हलवून बघा, जरा जरी खेळ लागला तर हबचे दाते झिजलेत, अशा चाकावर नवीन टायर घालणं म्हणजे पैसे वाया. ते दाते ग्रीस मागतात, कोरडे ठेवू नका.

तारेच्या चाकाच्या मधल्या मोठ्या नटावर बाण कोरलेला असतो, उघडायची दिशा. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, त्यामुळे हातोडी उचलायच्या आधी बाण वाचा, आणि डावीकडचे हब किंवा नट उजवीकडे जाऊ देऊ नका, चालता चालता नट सैल व्हायला लागतो. हातोडी तांब्याची किंवा शिशाची, लोखंडाची नाही.

मागच्या डाव्या चाकाकडे खास बघा. एमजीबीत मागे डावीकडे मडगार्डच्या आत जागा बऱ्याचदा उजवीपेक्षा कमी मिळते, त्यामुळे उजवीकडे बोट घालून छान जागा आहे म्हणून टायर घेतला आणि डावीकडे दोघं मागे बसले की घासायला लागला, हे नेहमीचं. तारेच्या चाकाच्या गाडीचा मागचा ॲक्सलही वेगळा, थोडा अरुंद असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसलं म्हणजे आपल्याही बसेल असं धरून चालू नका. काही जण मग मडगार्डची कड ठोकून आत वळवतात किंवा कापतात. ते करू नका. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. टायरसाठी बॉडी कापून मग आरटीओत समजावत बसायची वेळ कशाला आणायची.

परदेशातून जुन्या नक्षीचा टायर मागवायचा विचार असेल तर तेही सांगतो. जून २०२० पासून नवीन टायरच्या आयातीवर सरकारचे निर्बंध आहेत आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्रही लागतं, त्यामुळे एक टायर फाटला तर त्याच्या जोडीचा मिळवायला गाडी महिनोन् महिने उभी राहू शकते. दिसायला ते टायर सुंदर आहेत यात वाद नाही, पण रॅलीत चालवायची गाडी असेल तर आमचा सल्ला १६५/८० चाच, आणि ५ जे रोस्टाइल असेल तर १८५/७० पण छान.

या गाड्या वर्षात फार फिरत नाहीत, त्यामुळे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात. नक्षी नवीकोरी दिसते आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा. साईडवॉलवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गाडी गल्लीच्या बाहेरसुद्धा काढू नका. सहा वर्षांनंतर दरवर्षी दाखवून घ्या आणि दहा झाली की बदलाच, स्टेपनीसकट. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय असं कधीही ठेवू नका, मागची बाजू एकदम फिरते.

हवा किती, हे रोज कुणीतरी विचारतं. मूळ पुस्तकात रेडियलला पुढे २१, मागे २४ पीएसआय आहे, आजच्या टायरला आम्ही पुढे २६, मागे २८ पासून सुरू करतो आणि एखादी लांब चक्कर मारून मग दोनाचा फरक करून बघायला सांगतो. पंपावरचा मुलगा सवयीने ३५ भरतो, तेव्हा शेजारी उभे राहा.

आमच्याकडे येण्याआधी तीन फोटो पाठवलेत तर काम लवकर होतं, जुन्या टायरच्या साईडवॉलचा, चाकाच्या मधल्या भागाचा जिथे बोल्ट किंवा नट दिसतो, आणि मागच्या डाव्या मडगार्डच्या आतला, गाडी जमिनीवर उभी असताना काढलेला, जॅकवर नाही.