आवाज न चढवणारा साहेब

एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा. नागपुरात कूलर खाली उतरवून जुनी खस फेकायचे, नवी भरायचे दिवस. त्याच आठवड्यात सोनी वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजली टाकली: ‘सीआयडी’ मालिकेतले एसीपी प्रद्युम्न आता नाहीत. धंतोलीतल्या आमच्या नेहमीच्या टपरीवर दोघे जण सुतकी चेहऱ्याने उभे होते. "प्रद्युम्न साहेब गेले म्हनते," एक म्हणाला. दुसऱ्याने चहात खारी बुडवली. "साहेब असे जात नाई बाप्पा." तोच खरा ठरला. पार्थ समथानचा नवा एसीपी आला, प्रेक्षक रुसले आणि काही आठवड्यांत प्रद्युम्न वठवणारे शिवाजी साटम पुन्हा पडद्यावर दिसले.

माझ्या डोक्यात राहिलं ते त्यातलं ‘गेले’. जो माणूस कधी नव्हताच, त्याच्यासाठी आदरार्थी बहुवचन. त्याच्या हाताखालच्या दया आणि अभिजीतला लोक अरे-तुरे करतात, दयाच्या दार तोडण्यावर तर विनोदांचा खच पडलाय. प्रद्युम्न मात्र कायम ‘साहेब’. हा मान एका मालिकेने कमावलेला नाही. त्याची कहाणी परदेशात सुरू होते, आणि तिचा एक धागा इथे नागपुरातही येऊन टेकतो.

आधी शब्दांचं बघू. पोलिसाच्या भीतीसाठी मराठीला एक शब्द पुरत नाही. गुन्हेगारांवर वचक राहिला नाही, असं वर्तमानपत्रं दर आठवड्याला लिहितात. धाक मास्तरांचा. दहशत गुंडाची. जरब आवाजात असते. शब्द अरबीतून आलेला, मुळात अर्थ घाव. वचक बसवता येतो, दहशत पसरवता येते. दरारा मात्र नुसता असतो, नाहीतर नसतो. टीव्हीवरच्या ज्या साहेबावर लोक जीव टाकतात तो दराऱ्याचा माणूस आहे, आणि तो पडद्यावर यायला बराच वेळ लागला.

सुरुवातीच्या मालिकांत साहेबाला कामच नव्हतं. अमेरिकेत १९५१ पासून ‘ड्रॅगनेट’चा सार्जंट जो फ्रायडे सपाट आवाजात चौकशी करत फिरायचा. ब्रिटनमध्ये १९५५ पासून डिक्सन नावाचा गल्लीतला ओळखीचा शिपाई होता, आपल्याकडे बीटवरचा हवालदार असतो तसा. वरिष्ठ दिसले तर फाइल द्यायला. १९६२ मध्ये बीबीसीच्या ‘झेड कार्स’ने बार्लो नावाचा वरिष्ठ पुढे आणला आणि स्ट्रॅटफर्ड जॉन्सने तो असा वठवला की आरोपी आणि हाताखालचे दोघेही टरकायचे. पण बार्लो गुरकावणारा होता. त्याच्याकडे जरब होती.

शांत साहेब जन्माला आला तो गोंगाटामुळे. जानेवारी १९८१ मध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ सुरू झाली. एकच ठाणं, डझनभर पात्रं, एका तासात चार-पाच गोष्टींची सरमिसळ, हातात धरलेला कॅमेरा, सगळे एकाच वेळी बोलतायत. असल्या बाजारात प्रेक्षकाला नजर टेकवायला एक जागा लागते. ती म्हणजे कॅप्टन फ्रँक फुरिलो. ही भूमिका डॅनियल ट्रॅव्हांटीची. आजूबाजूचे जितके ओरडतील तितका हा आवाज खाली आणायचा. पहिल्या वर्षी प्रेक्षक बेताचेच होते, तरी त्या वर्षी मालिकेला आठ एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

यात लेखकांची एक सोयही होती, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. अनेक पात्रांची मालिका लिहायची तर सगळ्यांनी पुन्हा पुन्हा परतावं अशी एक खोली हवी. साहेबाची केबिन स्वस्तात उभी राहते: टेबल, काच, दार. बाहेरचा प्रत्येक धागा तिथे येऊन गाठ बांधून जातो. ज्याच्याकडे सगळे येतात त्याला स्वतः धावावं लागत नाही, आणि जो धावत नाही तो आपोआप वजनदार वाटतो.

पण या घराण्यातला माझा आवडता पुरुष वेगळा. ‘मायामी व्हाइस’ १९८४ मध्ये आली तेव्हा साहेबाच्या खुर्चीत लेफ्टनंट रॉड्रिगेझ होता. चौथ्याच भागात तो मारला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जागी आला मार्टिन कॅस्टिलो. ती मालिका म्हणजे गुलाबी-फिरोजी शर्ट, वेगवान बोटी, पाठीमागे सतत गाणी. आणि मध्येच हा काळा सूट, पातळ काळा टाय, मान किंचित खाली, डोळ्यांची पापणी लवत नाही. एडवर्ड जेम्स ओल्मोसने कॅस्टिलोला जवळजवळ शब्दच दिले नाहीत. हाताखालचा अधिकारी तावातावाने बोलत असतो, कॅस्टिलो ऐकून घेतो, दोन शब्द टाकतो, विषय संपतो. आग्नेय आशियातल्या अफूच्या पट्ट्यात काम करून आलेला, बायकोला गमावून बसलेला माणूस, हे हळूहळू कळत जातं, आणि तेही तो सांगत नाही म्हणूनच खरं वाटतं. १९८५ मध्ये ओल्मोसला सहायक अभिनेत्याचा एमी मिळाला. मालिकेतल्या दोन देखण्या नायकांना नाही मिळाला, एवढंच नोंदवतो.

पुढची पिढी झपाट्याने सांगता येते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये हेलन मिरेनची जेन टेनिसन आली, हाताखालच्या पुरुषांनी तोंड वाकडं केलं तरी खुर्ची सोडत नाही. ‘होमिसाइड’मध्ये याफेट कोटोचा जियार्डेलो, ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये लेफ्टनंट व्हॅन ब्युरेन. २०१३ मध्ये तर एका विनोदी मालिकेने याच साच्याची गंमत केली: ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’चा कॅप्टन होल्ट आनंदातही चेहरा हलवत नाही. आंद्रे ब्राउअरने ती भूमिका इतक्या गंभीरपणे केली की हसता हसता लोक त्याचा आदर करू लागले.

आता आपल्याकडे. नागपूरकरांनी पाहिलेली दराऱ्याची पहिली पोलीस अधिकारी बाई होती. सेमिनरी हिल्सच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवरचा अँटेना फिरवत बसायचे ते दिवस. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘उडान’ लागायची. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली, त्यात कल्याणी सिंहची भूमिकाही केली, आणि कथेला आधार होता त्यांच्या बहिणीचा, आयपीएस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांचा. याच कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याच्या पोलीस दलाचं प्रमुखपद मिळालेली देशातली पहिली महिला. महाराष्ट्राला पहिल्या महिला महासंचालक, रश्मी शुक्ला, मिळायला जानेवारी २०२४ उजाडला. टीव्ही या बाबतीत सरकारच्या खूप पुढे होता.

दुसरी वाट मराठीतून गेली. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ नावाची पोलीस मालिका होती. नाव पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचं. आज ते ‘एक एक दोन’ ठेवावं लागेल. दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि त्यात शिवाजी साटम. साटम त्या आधी बँकेत नोकरीला होते, आंतरबँक नाट्यस्पर्धांतून रंगभूमीवर आलेले. मला यात काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. प्रद्युम्नच्या चालण्या-बोलण्यात सिनेमातल्या पोलिसापेक्षा राष्ट्रीयीकृत बँकेतला तो सीनियर जास्त दिसतो, जो चष्म्यावरून पाहतो आणि काउंटरवरचा माणूस आपोआप रांगेत जातो. मराठी घरांना हा साहेब परका नव्हता. तो आपल्या वडिलांच्या ऑफिसात होता.

सिंग आणि साटम ही जोडी २१ जानेवारी १९९८ ला ‘सीआयडी’ घेऊन सोनीवर आली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत थांबली नाही; २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. दीड हजाराहून जास्त भाग झाले. ‘कुछ तो गड़बड़ है’ आणि हवेत फिरणारी ती बोटं, यांची नक्कल शाळेतली पोरंही करतात. पण दरारा त्या बोटांत नव्हता. सुरुवातीच्या काळातल्या एका भागात प्रद्युम्न गुन्हेगारीत गेलेल्या स्वतःच्या मुलाला, नकुलला, गोळी घालतो. त्यानंतर त्याला कुणावर ओरडायची गरजच उरली नाही. उलट बाजू पाहायची तर डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त, चित्रोळे आठवा. हुद्द्याने वरचा, सतत आरडाओरडा, आणि प्रेक्षक त्याला हसणार.

हुद्द्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हा आयुक्तालयातला फार वरचा अधिकारी नव्हे. नागपुरात आयुक्तालय १९६५ पासून. आयुक्त, सहआयुक्त, अपर आयुक्त, मग परिमंडळाचे उपायुक्त, आणि त्यांच्याखाली एसीपी, ज्यांच्याकडे मोजकी ठाणी. ठाण्याचा प्रमुख निरीक्षक. त्याला विदर्भात आजही ‘ठाणेदार’ म्हणतात. शिवाय खरी राज्य सीआयडी पुण्यात बसते, मालिकेतल्या पथकाचं काम करते ती शहराची गुन्हे शाखा. हे सगळं टपरीवर सांगून पाहिलं. कुणाला काडीचा फरक पडला नाही.

सीआयडी हे नाव आलं कुठून, तर इथे तो नागपूरचा धागा. १९०२-०३ मध्ये ब्रिटिशांनी पोलीस आयोग नेमला. १८६१ च्या कायद्याने उभं राहिलेलं पोलीस दल लाचखोर आणि जुलमी झालंय, अशी तक्रार तेव्हाच होती. अध्यक्ष होते सर अँड्र्यू फ्रेझर. त्याच्या आधी ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते, म्हणजे त्यांचा कारभार चालायचा नागपुरातून. प्रत्येक प्रांतात स्वतंत्र गुन्हे अन्वेषण विभाग हवा, ही शिफारस याच आयोगाची. मुंबई प्रांतात तो १९०५ मध्ये सुरू झाला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत पोलिसाच्या आवाजाची लोकांना इतकी सवय झाली होती की शांतपणे तपास करणारा पोलीस वेगळा काढून ठेवावा लागला, असंही म्हणता येईल. थोडी ओढाताण होतेय, मान्य आहे.

पण या शहराला हा साहेब इतका का भावला, ते समजायला १९०५ पुरत नाही. २००४ पाहायला हवं. त्या वर्षी १३ ऑगस्टला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या महिलांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केलं. बलात्कार, खंडणी, मारहाण वर्षानुवर्षं चालली होती. ठाण्यात गेलं तर आमचं कोणी ऐकत नाही, उलट आम्हालाच बोलतात, हे त्या बायकांचं म्हणणं होतं. दहा वर्षांनी त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या हत्येनंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, ‘सीआयडी’ने १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही न कापता, सलग एका दमात चित्रित केलेला दाखवला आणि विक्रम केला. शहर तेव्हा न्यायालयातल्या त्या दुपारीबद्दलच बोलत होतं. तरी लोकांनी टीव्ही लावला. पडद्यावर एक पोलीस अधिकारी, समोर बसलेल्या बाईचं बोलणं पूर्ण होईपर्यंत, मध्ये तोंड न घालता ऐकत होता.

असा अधिकारी खऱ्या खुर्चीत नसतोच, असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात व्हेरायटी चौकात उभं राहून पाहा. मोर्चा अंगावर येत असताना शिट्टीही न फुंकता नुसत्या हाताने दोन हजार माणसं बाजूला घेणारे अधिकारी मी पाहिले आहेत. अडचण वेळेची आहे. दरारा मुरायला वर्षं लागतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात मोक्याच्या पदांवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं हलवू नका असं सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियम दुरुस्त करून एसीपी आणि वरच्यांचा एका जागचा कार्यकाळ दोन वर्षं धरला. प्रद्युम्न त्याच टेबलापाशी वीस वर्षं होता.

मागच्या पावसाळ्यात माझा मोबाइल हरवला म्हणून शहरातल्या एका ठाण्यात गेलो होतो. ठाणे अंमलदार माझ्याशी बोलला त्यापेक्षा जास्त माझ्यावर ओरडला. मोबाइल मी हरवला होता, गुन्हा त्याच्यालेखी माझाच होता. अर्ज लिहीत बसलो असताना ठाणेदारांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. खुर्ची रिकामी. मागच्या भिंतीवर आजवरच्या ठाणेदारांचा लाकडी फलक, तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत. नावं इतकी झाली होती की खालची शेवटची चार बारीक अक्षरांत, दाटीवाटीने बसवावी लागली होती. सगळ्यात खालचं नाव ताज्या पांढऱ्या रंगात, त्याच्यापुढे ‘पासून’ची तारीख, आणि त्याच्याखाली फलकावर जागा उरलेली नव्हती.