लक्ष्मी रोड 'बंद' म्हणजे नक्की कुणाला बंद?

डिसेंबर आला की आमच्या पेठेतल्या ग्रुपवर तेच भांडण परत सुरू होतं. 11 डिसेंबर, पादचारी दिन. 2021 पासून पुणे महापालिका त्या दिवशी लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद करते, लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, पोरं खेळतात, फोटो पडतात. आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपचे दोन तट. एक म्हणतो, बघा किती मस्त वाटलं, आता कायमचं करा. दुसरा म्हणतो, एका दिवसात शेजारच्या कुमठेकर रोडची काय अवस्था झाली बघितली ना, कायमचं केलं तर आम्ही घरी कसं जायचं. मला दोघांचाही सारखाच कंटाळा आलाय, कारण दोघं एकाच चुकीवर उभे आहेत. एक दिवस गाड्या अडवणं आणि रस्ता कायमचा चालणाऱ्यांचा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीबद्दल काहीच कळत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

पहिली गोष्ट तुम्हाला माहितीये, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. बॅरिकेड लावलं, पोलिसमामा उभे राहिले, दिवस संपला, बॅरिकेड उचललं. कॅम्पात एमजी रोडवर वीकेंडला व्हायचा तो वॉकिंग प्लाझा याच जातीचा. गुरगावात 2013 ला सुरू झालेली राहगिरी, कोलंबियात बोगोटाला 1974 पासून दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन चालणारी सिक्लोव्हिया, सगळी एकाच घरातली मंडळी. आणि हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. बोगोटावाले पन्नास वर्षं ते करतायत आणि कुणी उठून म्हणत नाही की रविवारी जमलं, चला आता सोमवारी पण बंद. ती एक जत्रा आहे आणि जत्रा म्हणूनच झकास आहे. आपल्याकडे तिला 'ट्रायल' म्हणतात इथे माझं डोकं फिरतं.

बाकीचे फरक किरकोळ. एकाला परवानगी लागते, दुसऱ्याला ठराव, बजेट आणि फरशा लागतात. एकात स्टेज असतं, दुसऱ्यात झाडं. हे कुणालाही सांगावं लागत नाही. आणि जंगली महाराज रोडला केलेत तसे रुंद फुटपाथ म्हणजे तिसरीच गोष्ट, तिथे गाड्या चालूच आहेत, तेव्हा कृपा करून तो फोटो या भांडणात टाकू नका.

लोक खरे अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. सगळ्यांना वाटतं फरक वेळेचा आहे, म्हणजे एक दिवस बंद आणि 365 दिवस बंद, मग साधा गुणाकार करायचा, एका दिवसाचा त्रास गुणिले 365. तसं नाहीये हो. एक दिवसाच्या कार्यक्रमात रस्ता सरसकट बंद असतो, बॅरिकेडला टेम्पो आणि ॲम्ब्युलन्स यातला फरक कळत नाही, जो कुणी येतो त्याला हात दाखवून वळवायचं एवढंच काम असतं आणि एका दिवसापुरतं ते चालतंही. कायमच्या रस्त्याचं कामच उलटं आहे. तिथे आधी बसून ठरवावं लागतं की कुठल्या गाडीचं इथे काम आहे आणि कुठली नुसती इथून जातेय. म्हणजे खरं तर तिथे 'बंद' हा शब्दच चुकीचा आहे, तिथे निवड होते.

लक्ष्मी रोडचंच घ्या. संध्याकाळी सहाला कुंटे चौकात उभं राहा आणि गाड्या बघा. त्यातल्या कितीतरी जणांना लक्ष्मी रोडवर काहीही घ्यायचं नसतं, ते नाना पेठेकडून येऊन अलका टॉकीजच्या चौकातून डेक्कनला निघालेले असतात, हा रस्ता सरळ जातो म्हणून यावरून जातात. मग काही जण असतात जे पोचलेत पण उतरू शकत नाहीयेत, दुचाकी लावायला जागा मिळेना म्हणून तिसरी फेरी मारतायत, बायको एव्हाना दुकानात जाऊन दोन साड्या बघून पण आली. मग कापडाचे गठ्ठे घेऊन आलेला टेम्पो. मग वरच्या मजल्यावर राहणारे आपल्यासारखे लोक. मग गॅसवाला, कचऱ्याची गाडी, आणि देव न करो पण कधी ॲम्ब्युलन्स, कधी अग्निशमन. बस आहे. रिक्षा आहेत, त्यातल्या अर्ध्या रिकाम्या आणि गिऱ्हाईक शोधत.

पादचारी दिनाला हे सगळे एकाच वेळी बाहेर काढले जातात. कायमच्या रस्त्यावर यातले पहिले दोनच मुळापासून काढायचे असतात, पार जाणारे आणि पार्किंग हुडकणारे. बाकीच्यांसाठी वेळ आणि नियम ठरवायचे. स्पेनमध्ये पोन्तेवेद्रा म्हणून एक छोटं शहर आहे, 1999 साली तिथल्या महापौरांनी गावाच्या मध्यभागात नेमकं हेच केलं. आरपार जाणारी वाहतूक तोडली, रस्त्यावरचं पार्किंग काढत नेलं, पण ज्याचं तिथे खरोखर काम आहे, माल उतरवायचाय, म्हाताऱ्या माणसाला दारात सोडायचंय, घर तिथे आहे, ती गाडी आजही आत जाते. हळू जाते आणि चालणाऱ्याच्या मागे थांबून जाते, पण जाते. तेव्हा "आईला दवाखान्यात कसं न्यायचं" या प्रश्नाला तिथे उत्तर आहे. आपल्या पेठेतल्या मीटिंगमध्ये हा प्रश्न आला की एक बाजू "तुम्ही प्रगतीच्या आड येताय" म्हणते आणि दुसरी त्या प्रश्नावरच टाळ्या वाजवते. उत्तर कुणीच देत नाही, कारण बॅरिकेड सोडून दुसरं काही कुणाच्या डोळ्यासमोर येतच नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, स्पेनचं सांगू नका. बरं, दिल्लीचं सांगतो. चांदणी चौक, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत साधारण 1.3 किलोमीटर, सप्टेंबर 2021 मध्ये नव्या रूपात सुरू झाला. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्या बंद, सायकलरिक्षा चालू, मालाची कामं त्या वेळेच्या बाहेर. नियम वाचलात तर कळेल की घड्याळ लावून निवड केलीये. आता तिथे दुचाक्या घुसतात, नियम मोडतात, तक्रारी आहेत, सगळं मान्य. पण ती अंमलबजावणीची बोंब आहे, आणि त्यावर बोलता येतं कारण नियम कुठेतरी लिहिलेला आहे. आपल्याकडे 11 डिसेंबरवरून भांडताना नियमच नसतो, मग भांडायचं कशावर?

आणि दिल्ली पण लांब वाटत असेल तर माथेरान आहे की! लहानपणापासून जातो आपण, गाडी दस्तुरी नाक्याला लावायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने. माथेरान 'बंद' आहे असं कुणी कधी म्हटलंय? ॲम्ब्युलन्स आत जाते. आणि तिथली खरी भांडणं ऐका, किती मुद्द्याची असतात. ई-रिक्षा आणायच्या का, 2022 च्या शेवटी चाचणी म्हणून आणल्या तर किती, शाळेच्या पोरांना आणि म्हाताऱ्यांनाच द्यायच्या की पर्यटकांना पण, हातरिक्षा ओढणाऱ्यांचं काय. ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवा असं सांगितलं. म्हणजे कुठलं वाहन, कुणासाठी, किती, यावर एक गाव वर्षानुवर्षं भांडतंय. याला म्हणतात कायमच्या वाहनमुक्त जागेचं भांडण. आमच्या ग्रुपवर चालतं ते नुसतं "हवं" विरुद्ध "नको".

या एका फरकातूनच पुढचा घोळ होतो, पुराव्याचा. एका दिवसात लोक सवयी बदलत नाहीत. सकाळी निघालेल्या माणसाला चौकात आल्यावर कळतं की पुढे बंद आहे, मग तो शेजारच्या रस्त्यावर घुसतो आणि तिथे तुंबतं. तुंबणारच. पण कायमचं झालं की तोच माणूस दुसऱ्या आठवड्यात घरूनच वेगळा रस्ता धरतो, महिन्याभरात कदाचित काम वेगळ्या वेळी करतो, किंवा मेट्रोने येतो. मंडईचं भुयारी स्टेशन सप्टेंबर 2024 पासून चालू आहे, तिथून तुळशीबाग किती लांब आहे ते तुम्हीच सांगा. रस्ता काढून घेतला की त्यावरची सगळीच्या सगळी वाहतूक शेजारी जाऊन बसते असं होत नाही, तिचा काही भाग चक्क विरतो, हे ब्रिटनमध्ये 1998 साली कितीतरी ठिकाणांची उदाहरणं गोळा करून अभ्यासलं गेलंय. पण विरायला वेळ लागतो, दिवसभरात विरत नाही. म्हणून 11 डिसेंबरच्या कोंडीचा व्हिडिओ हा पुरावा नाही.

तसाच 11 डिसेंबरच्या गर्दीचा फोटोही नाही, आणि हे मी माझ्या बाजूच्या, म्हणजे 'कायमचं करा' म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना सांगतोय. जत्रेला गर्दी होतेच. त्यातल्या किती जणांनी साडी घेतली आणि किती जण नुसते सेल्फी काढून घरी गेले हे एका संध्याकाळी कळत नाही. दुकानदार घाबरतो ते उगाच नाही, त्याला त्याचा गल्ला दिसतो. कोपनहेगनला स्ट्रॉयेट नावाचा बाजारपेठेचा रस्ता नोव्हेंबर 1962 मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हा तिथलेही दुकानदार चिडलेच होते. पण तिथे तात्पुरतं म्हणून जे केलं ते 1964 पर्यंत चाललं आणि मगच कायम झालं. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये 2009 च्या मे महिन्यात ब्रॉडवेचा तुकडा बंद केला, रस्त्यात स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या टाकल्या, आणि कायमचा निर्णय घेतला 2010 मध्ये. आठ-नऊ महिने मोजमाप करून. ट्रायल म्हणजे हे. आपण 11 डिसेंबरला करतो त्याला कार्यक्रम म्हणा, मला काही प्रॉब्लेम नाही, मी पण नातवंडांना घेऊन येईन.

ज्यांना वाटतं की पेठेतला रस्ता बंद झाला की जग बुडेल, त्यांना एक आठवण. अनंत चतुर्दशीला हाच लक्ष्मी रोड चोवीस तासांच्या वर बंद असतो, मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, आणि तेव्हा एकही दुकानदार महापालिकेला निवेदन देत नाही. पण (हे पण सांगितलंच पाहिजे) ती सुद्धा जत्राच आहे, म्हणून तिचाही पुरावा मी वापरणार नाही. मोह होतो खरा.

माझं मत विचाराल तर मला लक्ष्मी रोड चालणाऱ्यांचा हवाय. पार जाणाऱ्या गाड्या बाहेरून. दुचाकी लावायला मंडईजवळचे वाहनतळ, रस्त्याच्या कडेला एक पण नाही, सम-विषम तारखेचा खेळ बंद. पुण्यदशमच्या छोट्या बसा 2021 मध्ये दहा रुपयांत पेठांतून फिरायला लागल्या होत्या, तसली बस आतून चालू ठेवावी, म्हाताऱ्या माणसाला अलका ते सोन्या मारुती चालत जा म्हणणं हा उद्धटपणा आहे. माल सकाळी दहाच्या आत. हे शेवटचं मी एका कापडवाल्याला भीतभीतच बोललो, म्हटलं आता हा चिडणार. तो म्हणाला, अहो माझा टेम्पो आत्ताच नऊला येऊन जातो, दहानंतर इथे शिरणार कोण?

म्हणजे अर्धे नियम लोक आधीच पाळतायत, कुणी लिहून काढलेले नाहीत एवढंच. आमच्या शेवटच्या मीटिंगला दोन तास "बंद करायचा की नाही" चाललं. गॅस सिलिंडर आमच्या इमारतीत दुपारी अडीचला येतो आणि माणूस तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढतो, त्याने गाडी कुठे लावायची हे कुणी विचारलं नाही. पुढच्या मीटिंगला पहिला विषय तोच ठेवा, मी वेळेवर येतो.