कुत्र्याची भाकर : ‘किती’ या प्रश्नामागचा इतिहास

खान्देशात कुत्र्याच्या खाण्याचे माप फार काळ घरच्या चुलीवरून ठरत आले. जेवणे आटोपली की टोपल्यात उरलेली ज्वारीची किंवा कळण्याची भाकर पाहून घरातली म्हातारी ‘कुत्र्याले भाकर टाकी दे’ म्हणे, आणि त्या चतकोरावर कुत्रे दिवस काढते असे सर्वजण धरून चालत. प्रत्यक्षात उरलेली भूक ते खळ्यातल्या उंदरांवर, उकिरड्यावर आणि गल्लीतल्या आणखी दोन-चार घरांवर भागवत असे. घरचे माप चुकले तरी कुत्रे हिंडून ते जुळवून घेई, म्हणून ते मोजण्याची वेळ कोणावर आली नाही. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर मात्र रात्रभर लांडग्यावर नजर ठेवणाऱ्या कुत्र्याची भाकर उरण्यावर सोडून चालत नाही. ती त्याच्या नावाने थापावी लागते.

निव्वळ भाकरीवर कुत्रे जगते कसे, याचे एक उत्तर 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की पिष्ट पचवणारे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यात त्या कितीतरी अधिक असतात. माणसाच्या धान्याशेजारी राहून कुत्र्याचे पोट पालटले. (खान्देशी काळ्या मसाल्याच्या रश्शाला मात्र ते सरावलेले नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपायकारक असतो, त्यामुळे भाकर रश्शात कुस्करून देण्याची सवय मोडलेली बरी.)

जळगाव-धुळ्याच्या वसाहतींमध्ये कुत्रे फाटकाच्या आत बांधले गेले आणि त्याचे हिंडून भागवणे संपले. आता वाटीत पडेल तेवढेच त्याचे अन्न. त्यासोबत पिशवीतले तयार खाद्यही आले. त्याचा आरंभ 1860 च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने विकायला काढलेल्या कुत्र्यांच्या बिस्किटांपर्यंत मागे जातो. मात्र कुत्र्याला किती खायला द्यावे या हिशेबाचा पाया दुकानदारांनी घातलेला नाही.

तो पाया घातला जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी. 1883 साली त्यांनी सुमारे 3 किलोपासून 31 किलोपर्यंतच्या कुत्र्यांची ऊर्जेची गरज मोजली, तेव्हा लहान कुत्र्याला दर किलोमागे मोठ्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते असे आढळले. लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडी जास्त असते आणि तिच्यावाटे उष्णता निघून जाते, असे त्यांनी त्याचे कारण दिले. हे कारण पुढे अपुरे ठरले, पण दुप्पट वजनाला दुप्पट अन्न हा भाबडा हिशेब तेव्हापासून मोडीत निघाला. 1932 साली कॅलिफोर्नियात काम करणारे मूळचे स्विस शास्त्रज्ञ माक्स क्लायबर यांनी उंदीर-होल्यापासून बैलापर्यंतचे आकडे एकत्र मांडले आणि विश्रांतीतील ऊर्जेची गरज वजनाच्या साधारण पाऊण घाताने (घातांक 3/4) वाढते असे दाखवले. पाऊण घात सोयीचाही होता, कारण सरकपट्टीवर, म्हणजे आकडेमोडीच्या जुन्या सरकत्या पट्टीवर, तो चटकन काढता येई. आज किराणा दुकानातल्या साध्या गणकयंत्रावरही तो निघतो : वजनाला वजनाने दोनदा गुणावे, मग वर्गमूळाचे बटण दोनदा दाबावे.

गल्लीतले 12 किलोचे गावठी कुत्रे घेतले तर 12 गुणिले 12 गुणिले 12 म्हणजे 1728. दोनदा वर्गमूळ काढल्यावर सुमारे 6.45 उरतात. पशुवैद्यक त्याला 70 ने गुणतात, म्हणजे निव्वळ विश्रांतीत साधारण 450 किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याची 1.6 पट, म्हणजे 720 च्या आसपास धरतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने 2006 च्या शिफारशीत हिंडत्या-फिरत्या पाळीव कुत्र्यासाठी 70 ऐवजी 130 धरले, त्या हिशेबाने आकडा 840 च्या घरात जातो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 340 किलोकॅलरी असतात, म्हणजे 720 किलोकॅलरी ही दोनशे ग्रॅमहून थोड्या जास्त पिठाची गोष्ट आहे. अर्थात प्रथिनांसाठी अंडे किंवा मांस हवेच, आणि ते दिले की तेवढी भाकर कमी करावी लागते. 24 किलोच्या कुत्र्याला मात्र याच्या दुप्पट लागत नाही, सुमारे 1.7 पट पुरते.

एकाच कुत्र्यासाठी 720 आणि 840 असे दोन आकडे निघतात, यातच या हिशेबाची मर्यादा दिसते. पिशवीवरचा तक्ता पाळणारे बहुतेक जण हे विसरतात आणि वर पोळीचा तुकडाही घालतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते वय) 1.8 वर्षांनी जास्त भरले. त्याआधीच, 1990 च्या दशकात, कुत्र्याच्या अंगलटीला 1 ते 9 गुण देण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. तिच्यात तराजूपेक्षा हाताला मान आहे. बरगड्या न दाबता हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत, आणि वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसावी. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चाचपून वाटी कमी-जास्त करावी.

ही परीक्षा खान्देशाला नवी नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारात गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी जनावराच्या बरगडीवरून तळहात फिरवते. त्याच गावच्या एकमुखी दत्ताच्या पायाशी बसणाऱ्या प्राण्यावरून तो हात फिरवायचे तेवढे राहून गेले होते.